डिक्शनरीत आहे, पण लिहायचं नाही?

प्रश्न: पुण्यात जपानी शिकतेय, डिसेंबरला जपानीची एन-३ परीक्षा देणारे. फोनवरच्या डिक्शनरीत 'कोको' म्हणजे 'इथे' या शब्दाला चक्क दोन कांजी (म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं) सापडल्या, बाजूला बारीक अक्षरात 'रेअर' असं काहीतरी होतं, पण म्हटलं जरा इम्प्रेशन पडेल आणि निबंधात सगळीकडे त्याच ठोकल्या. सेन्सेईंनी प्रत्येकीला लाल गोल केलाय. चूक असेल तर डिक्शनरीत ठेवतातच कशाला? आणि रेअर हे ठरवतं कोण?
– एक वाचक

उत्तर: अहो, चूक नाहीये ती. पण आज 'कोको' जवळजवळ सगळे हिरागानातच, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या लिपीतच लिहितात, त्यामुळे तुमचा निबंध कसा दिसला असेल सांगू, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर 'मी घरीं नाहीं' असं १९६२च्या आधीचे अनुस्वार देऊन टाइप करावं तसा. कळतं सगळं, फक्त वाटतं की आजोबांनी फोन घेतलाय.

ठेवतात कशाला, तर डिक्शनरी फक्त लिहिणारा थोडीच बघतो, वाचणाराही बघतो. उद्या शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी उघडलीत की त्याच दोन कांजी समोर येणार, तेव्हा शोधून मिळायला नकोत? बऱ्याच फ्री अ‍ॅप्सचा डेटा जेएमडिक्टमधून येतो, ऑस्ट्रेलियातल्या जिम ब्रीन यांनी १९९१ला ज्या एडिक्टची सुरुवात केली त्याचंच हे पुढचं रूप. त्यात रेअर वेगळं, कालबाह्य वेगळं, अनियमित वेगळं, आणि काही रूपं तर नुसती शोधण्यापुरती असतात, म्हणजे टाइप केलंत तर शब्द सापडेल पण एरवी मिरवायला पुढे येत नाहीत. मला ही शेवटची आयडिया फार आवडते.

आता ठरवतं कोण. अनेकांना वाटतं सरकारी जोयो यादीत (म्हणजे रोजच्या वापरातल्या कांजींच्या यादीत) नाही म्हणजे रेअर, तसं नाहीये. २०१०ला यादी २१३६ कांजींची झाली, तेव्हा 'युउत्सु' म्हणजे उदासी, यातली २९ रेघांची कांजी आत आली, हाताने लिहिताना जपानी माणसालाही घाम फुटतो. आणि 'कोही' म्हणजे कॉफीच्या दोन्ही कांजी यादीबाहेर, पण जुन्या कॉफीहाउसच्या पाट्यांवर हमखास दिसणार. म्हणून संपादक प्रत्यक्ष वापर बघतात, वेबवरच्या मजकुरात कुठलं रूप किती वेळा आलं ते आकडे काढतात आणि एकमेकांशी ताडून बघतात.

पण आकडे पण फसवतात हां. एक कांजी आणि पुढे हिरागानातला 'इ', हे 'काराई' वाचलं तर तिखट आणि 'त्सुराई' वाचलं तर जीव नकोसा करणारं. मोजणाऱ्या मशीनला दोन्ही सारखंच, त्याला काय माहीत कोणी करीबद्दल लिहिलंय का ब्रेकअपबद्दल. जोयो यादी त्या कांजीला फक्त 'काराई' वाचन देते म्हणून पेपरवाले 'त्सुराई' हिरागानात छापतात, बाकी लोक मात्र बिनधास्त कांजीत लिहितात. इथे शेवटी माणसालाच वाक्यं वाचत बसावं लागतं.

अजून एक गंमत. 'मिरु' म्हणजे बघणे, कांजी एकदम कॉमन, रेअरचा प्रश्नच नाही. पण 'ताबेते मिरु' म्हणजे आपलं 'खाऊन बघणे', आणि यातला 'बघणे' ते साधारणपणे हिरागानात लिहितात, कारण तिथे डोळ्याने कोण बघतंय! मग शिक्का कांजीवर मारून चालत नाही, अर्थावर मारावा लागतो, 'सहसा कानात' असा (म्हणजे हिरागानासारख्या काना लिपीत, आपल्या कानात नव्हे 😄). तर यापुढे वहीत शब्द उतरवताना ही बारीक अक्षरं पण उतरवा.

आणि एन-३ला निबंध नसतोच, पर्यायच निवडायचे असतात, तिथे सगळे गोल तुम्हीच काळे करायचे.