घराआधी रस्ता बुडतो

पंचगंगा-कृष्णाकाठाहून दर पावसाळ्यात पुराबद्दल तेच प्रश्न येतात. यंदा एकत्रच उत्तरं देतो.

कागदपत्रं कशात ठेवू?
झिपच्या जाड पिशवीत, ती आणखी एका पिशवीत. आजच.

ऑनलाइन ‘पूर किट’ मिळतं, घेऊ का?
नको. त्यातली शिट्टी, विजेरी आणि दोरी गावच्या दुकानात मिळते. तुमच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि माणशी रोजचं तीन लिटर पाणी कुठल्याच किटमध्ये नसतं.

आमचं घर करवीर तालुक्यात, उंचवट्यावर. 2005 ला पाणी पायरीपर्यंतच आलं होतं. पायरीला लागलं की निघालो तर चालेल?
नाही चालणार. 2019 ला पाणी 2005 च्या खुणा ओलांडून वर गेलं आणि जुन्या खुणेवर विसंबलेली घरंच्या घरं अडकली. पायरीकडे बघू नका. गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावरची सखल जागा बघा, ओढ्यावरची मोरी बघा. घर कोरडं असतानाच ती पाण्याखाली जाते आणि मग बोटीशिवाय वाट उरत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटून किती जीव गेले, ते आठवा.

दुसरं, ‘धरणाचे दरवाजे उघडले की कळेलच’ हा भरवसा सोडा. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक उंचीला पोचलं की ते आपोआप उघडतात, मध्यरात्र असली तरी. म्हणून निघायचं ते उजेडात. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. सांगलीत आयर्विन पुलाशी 40 आणि 45. इशारा पातळीच्या आतच म्हातारी माणसं, गरोदर बायका, लेकरं आणि जनावरं हलवा. तुमचा रस्ता किती फुटांना बंद होतो, हे तलाठी किंवा पोलीस पाटलांना विचारून दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहा. व्हॉट्सअॅपवरच्या ‘धरण फुटलं’वर धावू नका, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 ला फोन करून खात्री करा.

सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजशिवाय टिकेल का?
वापरातली कुपी बहुधा चार आठवड्यांपर्यंत टिकते, उन्हापासून दूर आणि गार जागी ठेवली तर. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, कोरड्या डब्यात घालून ठेवा. बर्फाला टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. मुदत प्रकाराप्रमाणे बदलते, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा आणि महिन्याची जादा चिठ्ठी घेऊन ठेवा.

तुरटी फिरवलेलं पाणी प्यावं का?
तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. निवळून गाळा, मग खळखळून उकळा. पुराच्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

निघताना आणि परतल्यावर काय विसरतं?
निघताना गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी लावणं आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधणं. रिकामा सिलिंडर तरंगत जातो. मेन स्विच बंद करायचा तो हात आणि जमीन कोरडी असतानाच. ज्या जनावराला नेता येत नाही, त्याचं दावं सोडा. परतल्यावर चिखल उपसण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसह फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. आणि वायरमननं बोर्ड उघडून तपासेपर्यंत एकही बटण दाबू नका, भिंत वरून सुकलेली दिसली तरी.