खेड्यातून जर्मनीला शिकायला गेलेल्यांनी पुढचं काय ठरवलं आहे? परत येणार की तिकडेच राहणार?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुम्ही आर्वीकडचे, घरी कोरडवाहू शेती, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. आणि घरचे म्हणतात, 'परत येशील का तिकडचाच होशील ते आधी सांग, मग पैशाचं पाहू.' मी दारव्हा तालुक्यातला. जर्मनीच्या पूर्वेकडच्या केमनिट्झला मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं उत्तर घरी आत्ता देऊच नका. जे द्याल ते दोन वर्षांत खोटं पडेल. त्यापेक्षा पैसा नेमका कोणाचा लागतोय ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, हे खरं. पण वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच एका खात्यात अडकवून दाखवावे लागतात. म्हणजे धरून चाला अकरा लाखांच्या वर. महिन्याला 992 युरो त्यातूनच परत मिळतात. हे पैसे आणायचे कुठून? आमची आठ एकर. बाबा सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून बँकेत घेऊन आले. सातबारा कोरा होता, एका पैचं कर्ज नाही, याचा त्यांना कोण अभिमान. साहेब म्हणाले, शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण चालत नाही. घर? घर गावठाणात, त्याला ग्रामपंचायतीच्या नमुना आठपलीकडे कागद नाही. तेही चालत नाही. एनए प्लॉट किंवा शहरातला फ्लॅट आणा. साडेसात लाखांपर्यंत विनातारण मिळतं, पण तेवढ्यात भागत नव्हतं. बाबांनी सातबारा परत पिशवीत घातला आणि बाहेर येऊन म्हणाले, "मंग हे वावर कोण्या कामाचं?"

शेवटी अमरावतीच्या मामांनी फ्लॅट तारण दिला. मामा आजवर एका शब्दाने बोलले नाहीत. मामी मात्र फोनवर हमखास विचारते, "काय म्हणते जर्मनी?" त्या एका प्रश्नात सगळं येतं. मामांच्या पोरीचं लग्न दोन वर्षांवर आलंय आणि तो फ्लॅट माझ्या कर्जात अडकलाय. मी इथं राहायचं की तिथं यायचं, हा विचार करायला बसलो की सगळ्यात आधी तो फ्लॅट डोळ्यांपुढे येतो. देशप्रेम, गावची ओढ वगैरे त्यानंतर.

हिशेब साधा आहे. शिक्षण संपल्यावर एक वर्षाने हप्ता सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत राहतं. इकडे पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. मी एका गोदामात पार्सलं लावतो. 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. हे बाबांना सांगितलं तर त्यांनी तिथल्या तिथे रुपयांत गुणाकार केला आणि आईला हाक मारली. खोलीचं भाडं, विमा, किराणा यांचा भागाकार अजून आमच्या घरात कोणी केलेला नाही.

आणि नोकरी? तुम्ही मेकॅनिकलचे म्हणून स्पष्ट सांगतो. आमच्यापासून तासाभराच्या आत झ्विकाऊ आहे, तिथं फोक्सवागेनचा विजेच्या गाड्यांचा मोठा कारखाना. आम्ही सगळे त्याच भरवशावर आलो होतो. डिसेंबर 2024 मध्ये कंपनीचा आणि कामगार संघटनेचा करार झाला, 2030 पर्यंत जर्मनीत 35,000 जागा कमी करायच्या. तेव्हापासून आमच्या मेसमध्ये जेवताना कोणी झ्विकाऊचं नाव काढत नाही.

केमनिट्झ एकेकाळी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणून ओळखलं जायचं, सगळ्या सूतगिरण्या आणि यंत्रांचे कारखाने. 1953 ते 1990 या काळात त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. मार्क्सचं सात मीटर उंचीचं नुसतं डोकं अजून रस्त्याला लागून उभं आहे. जर्मनी एक झाली, कारखाने बसले, पोरं पश्चिमेकडे निघून गेली. म्हणजे आम्ही अशा गावात नशीब काढायला आलोय जिथली पोरं नशीब काढायला बाहेर गेली. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 ला सुरू होऊन 2002 ला कायमची बंद झाली, हे इथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला सांगितलं, तर त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. स्वतः तीस वर्षं गिरणीत होता.

बाबांचा फोन आपल्याकडच्या रात्री नऊला येतो. इथं तेव्हा हिवाळ्यात साडेचार. डिसेंबरात खिडकीबाहेर काळोख बघून ते दर वेळी म्हणतात, "तिकडं इतक्यातच रात झाली?" मग कापसाचं निघतं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, ते वर्षअखेरपर्यंत. 2025-26 च्या हंगामाला हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्याला 7,710, लांब धाग्याला 8,110 होता. पण ओलावा 12 टक्क्यांच्या वर दिसला की सीसीआय, म्हणजे केंद्राचं कापूस महामंडळ, गाडी परत पाठवते, आणि परत आलेली गाडी व्यापारी स्वतःच्या भावाने घेतो. गंमत म्हणजे भविष्य अनिश्चित असल्याचं टेन्शन बाबांना मुळीच नाही, ते मलाच येतं. पेरताना भाव माहीत नसतो हे त्यांनी गृहीतच धरलेलं आहे. मी शिकलेला, म्हणून मला वाटतं की मला माहीत असायला पाहिजे.

'तिकडचाच होशील' याबद्दल एक गोष्ट घरच्यांना जरूर सांगा, ती फार कमी जणांना ठाऊक असते. परदेशात स्थायिक झालात तरी वडिलांची शेती वारसाने तुमच्याकडे येते. नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, ना अनिवासी भारतीयाला, ना ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला. म्हणजे आज तिकिटासाठी दोन एकर विकली आणि उद्या इथं युरो कमावले, तरी इथं राहून ती दोन एकर परत घेता येणार नाहीत. म्हणून कोणी कितीही गळ घातली तरी वावर विकून येऊ नका. कर्ज मिळत असेल तर या, शिष्यवृत्ती मिळत असेल तर धावत या. अनुसूचित जातीतले असाल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघा, तिच्यात फीपासून राहण्यापर्यंत सगळं बसतं.

मी घरी एवढंच सांगितलंय की मामांचा फ्लॅट मोकळा होईपर्यंत जिथे नोकरी लागेल तिथे करीन, मग ते पुणे असो की इथलं एखादं आडगाव. आईला हे उत्तर पटलेलं नाही. ती म्हणते, "हो म्हण नाहीतर नाही म्हण, असं अधांतरी काहून ठेवतं?"

तुमच्या हातात सध्या दोन कामं आहेत. एपीएसचं, म्हणजे आपल्या पदवीची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र व्हिसाला लागतंच, फी 18,000 रुपये आणि वेळही खातं, ते आधी लावा. आणि जर्मन भाषा बी1, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत आर्वीत बसूनच करा, ऑनलाइन वर्ग भरपूर आहेत. शिकवणं इंग्रजीत असतं म्हणून इथं आल्यावर बघू म्हणणारे माझ्या वर्गात निम्मे होते. मुलाखतीला बोलावणं येतंय ते उरलेल्या निम्म्यांना.