‘कृतिसंशोधक’ की ‘अभ्यासक-कार्यकर्ता’?

मेमी आणि केनेथ क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याविषयी लिहिताना ‘स्कॉलर-ॲक्टिव्हिस्ट’साठी, म्हणजे अभ्यास आणि चळवळ दोन्ही करणाऱ्या व्यक्तीसाठी, ‘कृतिसंशोधक’ हा शब्द चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते चालणार नाही; ‘अभ्यासक-कार्यकर्ता’ हाच जोडशब्द तिथे नेमका ठरेल.

‘कृतिसंशोधन’ हे एका पद्धतीचे नाव आहे. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ साली अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरील निबंधात मांडलेल्या या पद्धतीत कृती करायची, तिचा परिणाम तपासायचा आणि त्यावरून पुढची कृती ठरवायची, असे चक्र असते. आपल्याकडे तर बी.एड.च्या अभ्यासक्रमामुळे हा शब्द वर्गातील अडचणीवर शिक्षकाने केलेल्या छोट्या प्रयोगाशी इतका जोडला गेला आहे, की त्यातून चळवळ सूचितच होत नाही.

क्लार्क यांचे काम या चक्रात बसत नाही. कृष्णवर्णीय बालकांमध्ये स्वत्वाची जाणीव कशी घडते, हा मेमी यांच्या हॉवर्ड विद्यापीठातील एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता, आणि बाहुल्यांचा प्रसिद्ध प्रयोग त्याच अभ्यासातून पुढे आला. तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे केवळ वर्णाने निराळ्या बाहुल्या ठेवून छान कोणती, वाईट दिसते ती कोणती आणि शेवटी तुझ्यासारखी कोणती, असे विचारले जाई. निम्म्याहून अधिक मुलांनी गोरी बाहुली छान ठरवली. शेवटच्या प्रश्नाला तर काही मुले रडत खोलीबाहेर पळाली. हे संशोधन कोणत्याही खटल्यासाठी झालेले नव्हते. केनेथ यांनी शाळांतील वर्णविभाजनाविरुद्ध साउथ कॅरोलायनात साक्ष दिली ती १९५१ मध्ये, आणि शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालाच्या तळटीपेत सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अहवालाचा हवाला दिला. त्याआधीच, १९४६ मध्ये, दोघांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मुलांसाठी नॉर्थसाइड केंद्र उघडले होते. बाहुल्यांच्या निष्कर्षांवर पुढे शास्त्रीय आक्षेपही घेतले गेले, आणि ते अभ्यासाच्या निकषांवरच तपासावे लागतात. हेतू न्याय्य होता म्हणून त्यांतून सूट मिळत नाही. दोन्ही भूमिकांची ही स्वतंत्र जबाबदारी जोडशब्दात शाबूत राहते, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

‘कर्ते सुधारक’च्या धर्तीवर ‘कर्ता अभ्यासक’ म्हणता येईल, परंतु ‘बोलके सुधारक’ या जोडीदार शब्दाची आठवण होऊन इतर अभ्यासकांवर नकळत ठपका येतो. ‘सक्रियतावादी’ हा शब्द कोशाबाहेर कोणी बोलत नाही. ‘कार्यकर्ता’ म्हणताच पक्षाचा माणूस आठवतो, ही अडचण खरी आहे; मात्र आधीचे ‘अभ्यासक’ हे पद ती बरीचशी दूर करते.

लिहिताना संयोगचिन्ह गाळू नये, कारण ‘अभ्यासक कार्यकर्ता’ असे सुटे लिहिल्यास ‘अभ्यासू कार्यकर्ता’ एवढाच अर्थ उरतो. मेमी यांच्यासाठी ‘अभ्यासक-कार्यकर्त्या’, दोघांसाठी ‘अभ्यासक-कार्यकर्ते’ असे लिहावे.