उन्हाळ्याच्या दोन याद्या

एप्रिल सरत आला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडी एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागते: ‘मुलांची सुट्टी नुसती वाया चालली आहे.’ कोणी मोबाइलला बोल लावतात, कोणी फ्लॅटमधल्या बंद दारांना, तर बऱ्याच जणी स्वतःच्या नोकरीला. या काळजीला मी आज जे उत्तर देते ते मला काही वर्षांपूर्वी एका आईमुळे आणि तिच्या दहा वर्षांच्या मुलामुळे सापडले. त्या कुटुंबाच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, तो अनुभव येथे मांडत आहे.

हे कुटुंब पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहत होते आणि आईवडील दोघेही नोकरी करत होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई एकटीच भेटायला आली, तेव्हा तिने पर्समधून घडी घातलेला एक तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. सकाळी पोहणे, त्यानंतर रोबोटिक्सचे शिबिर, दुपारी अबॅकस, संध्याकाळी चित्रकला असे सहा आठवड्यांचे चौकोन तिने वेगवेगळ्या रंगांनी भरले होते, आणि त्यांत एकही चौकोन रिकामा नव्हता. मुलगा मात्र संध्याकाळी घरी आला की सोफ्यावर अंग टाकत असे, ‘कंटाळा आला’ म्हणत असे आणि मोबाइल मागत असे. एवढे सगळे देऊनही याला आनंद का होत नाही, हा तिचा प्रश्न होता. ‘आम्ही कशी सुट्टी जगलो, आणि मी याला काय देते आहे!’ हे वाक्य ती तासाभरात तीनदा बोलली, आणि तिन्ही वेळा ‘आम्ही’ म्हणताना तिचा आवाज ओला झाला.

तक्त्याविषयी मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. मी तिला दोन कोरे कागद दिले आणि सांगितले की, एक तुम्ही भरा आणि एक मुलाला भरू द्या; उन्हाळ्यातली आवडती ठिकाणे, आवडती माणसे आणि आवडत्या गोष्टी असे तीन रकाने करा, वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहा आणि इथे येईपर्यंत एकमेकांचा कागद पाहू नका. यादी करण्याची ही कल्पना माझी नाही. नैराश्यावरील उपचारांत पीटर लुइन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात सुखद प्रसंगांची ३२० नोंदींची यादी वापरात आणली होती, आणि माणसाला नेमके काय सुखावते हे आधी कागदावर आणून मग ते त्याच्या आठवड्यात बसवायचे, हे त्यामागचे सूत्र होते. मुलांच्या बाबतीत मी तीनच रकाने ठेवते, कारण मोठ्या यादीचा त्यांना गृहपाठासारखा धाक वाटतो.

पुढच्या भेटीला तिघेही आले. आईचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. वाईच्या वाड्यातला आड, कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीसमोरच्या पायऱ्या, माडीवरची अंधारी खोली, तिथल्या पेंढ्यात घातलेली आंब्याची अढी. आजोबा, मामा, मामेभावंडे. अढीविषयी तर तिने चार ओळी लिहिल्या होत्या. दार उघडताच अंगावर येणारा तो गोड, थोडा आंबूस वास, पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून बोटांनी मऊ आंबा हुडकणे, आणि न पिकलेला आंबा दाबून पाहिला म्हणून आजीची बोलणी खाणे! वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, ‘यातलं आता काहीच नाही. आई गेल्यावर मामांनी वाडा विकला, तिथे तीन मजली इमारत झाली आहे.’

मुलाच्या कागदावर जेमतेम नऊ ओळी होत्या. ठिकाणांमध्ये सोसायटीची गच्ची, पोहण्याचा तलाव आणि ‘पर्वतीची सगळ्यात वरची पायरी’. माणसांमध्ये तळमजल्यावरचा मित्र, ‘रविवारी सकाळचे बाबा’ आणि वाईच्या मावशीआजी. गोष्टींमध्ये सायकल, जुन्या नाण्यांचा डबा आणि ‘चीक’. शेवटचा शब्द वाचून वडिलांना काही उलगडा होईना. मुलाने सांगितले की, दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी वाईला गेलो होतो, तेव्हा आईच्या मावशीने त्याला कुरडयांचा गरम चीक वाटीत घालून, वर तूप सोडून दिला होता, आणि तो त्याला फार आवडला होता. ही गोष्ट आईच्या लक्षातही नव्हती.

तिच्या यादीतली बहुतेक सुट्टी एका विकल्या गेलेल्या वाड्यात होती आणि मुलाच्या यादीतले सगळे काही हाताशी होते, हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मला सांगावेही लागले नाही. रोबोटिक्स आणि अबॅकस कोणाच्याच यादीत नव्हते. आपले आजोळ मिटल्याचे दुःख तिने कधी बोलून दाखवले नव्हते, आणि ते मुलाच्या सुट्टीच्या काळजीचे रूप घेऊन तिच्या घरात वावरत होते. ‘तुम्हाला मुलाची सुट्टी भरायची आहे की तुमची स्वतःची पोकळी?’ असे मी विचारले नाही. तसे विचारणे मला निष्ठुरपणाचे वाटते. मी एवढेच विचारले की, मावशींना शेवटचा फोन कधी केला होता. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘मावशीकडे जायचं म्हणजे वाड्यावरून जावं लागतं.’

त्या वाक्यानंतरचे अर्धे सत्र मी मुलाला आणि वडिलांना बाहेर बसवून केवळ तिच्यासाठी ठेवले.

मग तिघांनी मिळून तक्ता नव्याने मांडला. पोहणे राहिले, कारण ते मुलाच्या यादीत होते. चित्रकला त्याने स्वतःहून ठेवली. बाकीची दोन शिबिरे बंद झाली. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत आणि वडिलांना ते काही दिवस खटकत राहिले, हेही नमूद करायला हवे. रविवारी सकाळी सहा वाजता फोन घरी ठेवून वडिलांनी मुलासोबत पर्वती चढायची असे ठरले. दुपारचे दोन तास मुद्दाम मोकळे ठेवले. ‘कंटाळा आला’ असे तो म्हणाला तर लगेच काही सुचवायचे नाही, अर्धा तास थांबायचे, असे मी आईला बजावले, कारण मुले स्वतःचे खेळ बहुतेक वेळा कंटाळ्यातूनच काढतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेने कलम ३१ मध्ये मुलांच्या विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क खेळाच्या हक्काच्याही आधी लिहिला आहे. पालकांना मी हे मुद्दाम सांगते. रिकाम्या चौकोनाचा अपराधभाव त्याने थोडा सैल होतो.

ज्यांना गावी कोणी उरलेले नाही, किंवा ज्यांना प्रवासाचा खर्च झेपत नाही, ते पालक मला विचारतात की आम्ही काय करायचे. मुलाची यादी आधी पाहा, असे मी सांगते. माझ्यासमोर आलेल्या अशा याद्यांमध्ये गच्ची, जिना, शेजारची ताई, बर्फाचा गोळा, आत्याकडची मांजर हेच पुन्हा पुन्हा असते. आणि एकदा आवडलेली गोष्ट मुलांना त्याच जागी, त्याच माणसाबरोबर, पुन्हा पुन्हा हवी असते. नवे काही आणून देण्याची घाई आपल्यालाच असते.

वाईला फोन करायला त्या आईने आठ दिवस घेतले. फोन झाल्यावर मात्र सगळे मावशींनीच हाती घेतले. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते आणि चौथ्या दिवशी वाटून सत्त्व काढले की ते निवळायला रात्र द्यावी लागते. त्या हिशेबाने त्यांनी यायचा दिवस ठरवून टाकला. मायलेक स्वारगेटहून एसटीने गेले आणि चार दिवस राहिले. पहाटे पाच वाजता पातेल्यातला चीक घोटताना मुलाचे हात भरून आले, सोऱ्या दाबणे तर त्याला जमलेच नाही. पण ऊन चढेपर्यंत गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकण्याचे काम त्याने कोणालाही दिले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई त्याला जुन्या वाड्याच्या जागी घेऊन गेली. आड कुठे होता, अढीची खोली कुठल्या बाजूला होती, हे तो विचारत राहिला, आणि ती त्या इमारतीच्या वाहनतळावर उभी राहून बोटाने दाखवत राहिली. ती रडली, असे तिनेच मला सांगितले. मुलाने काही विचारले नाही. तिचा हात धरून तो नुसता उभा राहिला.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी ती शेवटची भेटायला आली. संध्याकाळचा मोबाइल पूर्ण सुटला नव्हता, तरी बराच कमी झाला होता, आणि पर्वतीचा रविवार वडिलांनी सहापैकी चार वेळा पाळला होता. वाईहून निघताना मावशींनी एसटीच्या खिडकीशी येऊन काय सांगितले, ते सांगताना मात्र ती हसत होती: ‘पुढच्या वर्षी आधी चार दिवस फोन कर गं, म्हणजे मला गहू भिजत घालता येतील.’