पुढचे वाक्य

प्रिय,

तुझे पत्र दोनदा वाचले. प्रबंधासाठी एका संस्थेतल्या चोवीस जणांच्या मुलाखती घेतल्यास, प्रत्येकाला ‘सहमती’ म्हणजे काय असे विचारलेस, चोवीस निराळी उत्तरे मिळाली, आणि तरीही हीच माणसे दर आठवड्याच्या बैठकीतून सहमतीने निर्णय करून उठतात. तेव्हा ‘सामायिक अर्थ’ ही समाजशास्त्राने स्वतःच्या सोयीसाठी रचलेली कल्पना तर नव्हे, असे तू विचारतोस. तुझे मार्गदर्शक म्हणतात की उत्तरांचे वर्गीकरण करून तक्ते कर, मित्र म्हणतात की हे सगळे सोडून संस्थेच्या रचनेकडे वळ, आणि तू मधल्यामध्ये अडकला आहेस. धीर सोडू नकोस वगैरे मी लिहीत बसणार नाही; तू हा अभ्यास सोडणार नाहीस हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच की अर्थ शोधायला तू लोकांच्या डोक्यात शिरलास, आणि तिथे तो असा सुटा सापडत नाही. कोणी काही बोलले की पुढच्या माणसाने त्याचे काय केले, ते पाहा.

हे माझ्या पदरचे नाही. जॉर्ज हर्बर्ट मीड शिकागो विद्यापीठातील आपल्या वर्गांत हेच सांगत असत: हावभावाचा किंवा शब्दाचा अर्थ त्याला समोरून जो प्रतिसाद येतो त्यात आकार घेतो. १९३१ साली ते गेले आणि त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक १९३४ साली मुख्यतः विद्यार्थ्यांच्या टिपणांतून सिद्ध झाले. म्हणजे मीड काय म्हणाले हेसुद्धा आपल्याला ऐकणाऱ्यांच्या वह्यांतूनच कळते, ही गोष्ट मला नेहमी फार समर्पक वाटत आली आहे. त्यांचा विचार पुढे नेणाऱ्या हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ साली या दृष्टीला ‘प्रतीकात्मक आंतरक्रियावाद’ हे नाव दिले आणि १९६९ साली तिची तीन गृहीतके मांडली. माणसे गोष्टींना जो अर्थ देतात त्यानुसार वागतात, हे पहिले गृहीतक सगळ्यांना पाठ असते. तो अर्थ परस्परांशी होणाऱ्या व्यवहारातून निपजतो, या दुसऱ्यावरून लोक घाईने पुढे जातात. तूही गेलास. अन्यथा चोवीस माणसांना एकेकटे गाठून, दार लावून, अर्थ विचारायची कल्पना तुला सुचली नसती.

तुझ्या कोड्याचे उत्तर समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गारफिंकेल यांच्या एका साध्या अभ्यासात आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना रोजचे एखादे छोटे संभाषण लिहून आणायला सांगितले: डाव्या बाजूला प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द, आणि उजव्या बाजूला बोलणाऱ्यांना त्यातून काय कळले ते. उजवी बाजू अर्थातच लांबली. गारफिंकेल म्हणत, हे अजून नेमके नाही, आणखी स्पष्ट करा. विद्यार्थी आणखी लिहीत, आणि त्या नव्या लिहिण्याचाच पुन्हा खुलासा करावा लागे. शेवटी हे काम अशक्य आहे असे सांगून त्यांनी हात टेकले. गारफिंकेल यांनी यावरून काढलेला निष्कर्ष तू भिंतीवर लिहून ठेव: दोन माणसांचे एकमेकांना ‘समजणे’ म्हणजे दोन डोक्यांतील मजकुराचा सारखा असलेला भाग नव्हे, ती एक कृती आहे, त्या दोघांनी मिळून वेळच्या वेळी पार पाडलेली. तुझ्या चोवीस व्याख्या जुळल्या नाहीत यात काहीच आश्चर्य नाही. त्या जुळाव्यात अशी गरजच नव्हती. शिवाय त्या ‘सहमती’च्या व्याख्या आहेत तरी कुठे? संशोधकाने समोर बसवून व्याख्या विचारली तर काय सांगावे, याची ती चोवीस उत्तरे आहेत. तुझ्या प्रश्नानंतरचे ते पुढचे वाक्य आहे. तेही पाहण्यासारखे आहे, पण तू ज्यासाठी पाहतो आहेस त्यासाठी नव्हे.

हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली संभाषणातील पाळ्यांविषयी, म्हणजे माणसे आळीपाळीने कशी बोलतात याविषयी, जो निबंध लिहिला, त्याने माझ्यासारख्या हट्टी बाईला आयुष्यभर पुरेल एवढे बळ दिले. प्रत्येक पाळी आधीच्या पाळीचा बोलणाऱ्याला कळलेला अर्थ उघड करते. तो चुकीचा असेल तर पहिल्या बोलणाऱ्याला त्यानंतर लगेच ‘तसे नव्हे, मला असे म्हणायचे होते’ असे म्हणता येते. त्याने तसे म्हटले नाही, तर लागलेला अर्थ तूर्त दोघांचा झाला. समजूत बसते ती अशी, तीन पावलांत, आणि ही तिन्ही पावले ऐकू येतात. दहा भाषांतील प्रश्नोत्तरांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकेच भरले. इतक्या बारीक जागेत हे घडते. मुलाखतीच्या टेबलावर ते कसे हाती लागणार?

आता माझी चूक सांगते, कारण तू तीच करायला निघाला आहेस. प्रबंधाच्या वेळी एका संस्थेच्या बैठका मी ध्वनिमुद्रित केल्या होत्या, पण केवळ माझी टिपणे तपासून घेता यावीत म्हणून. टिपणे झाली की त्याच कॅसेटवर मी मुलाखती भरत असे. कॅसेट वाचवण्यात मला काटकसरीचा अभिमान होता. म्हणजे जे घडले ते पुसून, घडल्याचे लोक जे सांगत ते मी त्यावर चढवत होते. प्रबंध मान्य झाला. निर्णय सर्वसंमतीने होतात असे सांगणाऱ्या प्रकरणाचे तर कौतुक झाले. बऱ्याच वर्षांनी एका कॅसेटच्या मागच्या बाजूला पुसायची राहून गेलेली अकरा मिनिटे सापडली. अध्यक्ष विचारतात, ‘कुणाची काही हरकत?’ दोनेक सेकंद शांतता. खुर्ची सरकल्याचा आवाज. कोणीतरी ‘नाही, म्हणजे…’ एवढेच म्हणते, आणि त्यावरच अध्यक्षांचे ‘मग ठरले’ येते. ते ‘नाही, म्हणजे’ हरकतीची सुरुवात होती की हरकत नसल्याची ग्वाही? दोन्ही होऊ शकले असते. ‘मग ठरले’ने ती ग्वाही ठरवली, आणि बोलणाऱ्याने ती दुरुस्त केली नाही. माझ्या गाजलेल्या प्रकरणातली सर्वसंमती ही अशी तयार होत होती, आणि मी ती स्वतःच्या हाताने पुसत होते.

त्यानंतर सुमारे वीस वर्षे मी मुलाखतींना हात लावला नाही आणि विद्यार्थ्यांनाही लावू दिला नाही. यावरून माझ्याविषयी जे बोलले गेले ते तुझ्याही कानावर आले असेल. माणसांच्या आठवणींवर काम करू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आराखडा मी परत केला, ती दुसरीकडे गेली, आणि तिचे काम चांगले झाले. तो निर्णय बहुधा चुकला. ‘बहुधा’ हा शब्द मी खोडणार होते, पण राहू दे.

मोठा आक्षेप मात्र मला आजही मान्य नाही. दोन माणसांच्या बोलण्यात डोके घातले की सत्ता दिसेनाशी होते, असे लोक सांगतात, आणि तुझे मित्र ‘रचना, रचना’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हेच असते. विल्यम आणि डोरोथी थॉमस यांनी १९२८ साली लिहिले की माणसांनी एखादी परिस्थिती खरी मानली की तिचे परिणाम खरे होतात. बरोबर, पण परिस्थितीची कोणाची व्याख्या टिकते, हे ठरते कुठे? त्या दोन सेकंदांत ठरते. कोणाच्या अर्धवट वाक्याचा अर्थ दुसरा लावून टाकू शकतो आणि कोणाला तो दुरुस्त करण्याची सोय उरत नाही, याहून सत्ता आणखी कुठे इतकी उघडी पडते, ते मला दाखवावे. अध्यक्षांना ती खुर्ची कोणी दिली, हे माझ्या अकरा मिनिटांत ऐकू येत नाही, एवढे मी कबूल करते. त्यासाठी नियम, वेतनश्रेणी, संस्थेचा इतिहास वाचावा लागेल. तो वाच. पण आधी ऐक.

(माणसे रोजच्या व्यवहारात नटांसारख्या भूमिका वठवतात, हे अर्व्हिंग गॉफमन यांचे रंगमंचाचे रूपक प्रबंधात आणण्याचा मोह तुला होईल. ते मचाण बांधकामापुरते असून नंतर उतरवायचे असते, असे त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या शेवटी सांगितले आहे. तिथपर्यंत फार कमी लोक वाचतात.)

आणि तू तर ऐकले आहेस! सहा पाने स्वतःच्या गोंधळाविषयी लिहून झाल्यावर, पत्राच्या अगदी तळाशी, तेही कंसात, तू लिहितोस की एक ज्येष्ठ सदस्या ‘बघू या’ म्हणाल्या की सगळे आपापले कागद आवरू लागतात. ती ओळ वाचून मला इतका आनंद झाला आणि इतका राग आला की मी पत्र खाली ठेवले. ‘बघू या’चा अर्थ ‘हे होणार नाही’ असा आहे, हे तुझ्या चोवीसांपैकी एकानेही सांगितले नसेल. कागद आवरणाऱ्या हातांनी तो सांगितला. तुझा प्रबंध त्या कंसात पडून आहे.

तेव्हा तक्ते मला पाठवू नकोस. बैठकांची ध्वनिमुद्रणे आहेत असे तू लिहिलेस. ‘बघू या’ जिथे जिथे येते त्या जागा काढ, आधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटे जशीच्या तशी उतरव, थांबे मोजून लिही, खोकला आणि कागदांची सळसळही सोडू नकोस. मग एखादा तरी प्रसंग असा शोध की त्या ‘बघू या’ म्हणाल्या आणि कोणीच कागद आवरले नाहीत. शेग्लॉफ यांनी दूरध्वनीवरील सुमारे ५०० संभाषणांच्या सुरुवाती तपासल्या होत्या. त्यांतली एकच त्यांच्या नियमात बसेना, तर ती बाजूला न टाकता १९६८ सालच्या निबंधात त्यांनी नियमच नव्याने मांडला. तुझा तो न बसणारा प्रसंग सापडला की आधी तो पाठव, बाकीचे मागाहून आले तरी चालेल.

तुझी,
मावशी