आडून लिही, लपून नको

चि.स अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, सोबतचा लेखही. लेख चांगला आहे हे तुलाही ठाऊक आहे, तेव्हा पाठ थोपटत बसत नाही. खटकला तो शेवटचा प्रश्न : 'टोपणनावाने देऊ का? आणि सगळं उपरोधात फिरवलं तर कुणाला पकडता येणार नाही ना?' वर शिवरामपंत परांजप्यांचा दाखला!

अरे, शिवरामपंतांना उपरोधाने कुठे वाचवलं? १८९८ साली 'काळ' हे साप्ताहिक काढल्यापासून ते इंग्रजांची अशी स्तुती करत की वाचणाऱ्याच्या अंगाची लाही व्हावी. वाचकाला जे कळत होतं, ते सरकारलाही कळलं. १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला, १९ महिन्यांची शिक्षा. सुटून आले, तर १९१० च्या छापखाना कायद्याखाली सरकारने पत्राकडून जामिनाची रक्कम मागितली आणि 'काळ'च बंद पडला. वक्रोक्ती होती ती वाचकासाठी. स्वतः उलगडलेला अर्थ माणूस विसरत नाही, म्हणून. अंगावर येणारं चुकवण्यासाठी नव्हे. आडून लिहिणं वेगळं, लपून लिहिणं वेगळं.

तू म्हणशील, तेव्हाचे अग्रलेख बिननावीच असत. असत ना. पण १८६७ च्या कायद्याने मुद्रक-प्रकाशकाचं नाव अंकावर छापावंच लागे. पोलीस कुणाच्या दारात येणार हे सगळ्या पुण्याला माहीत असे. जून १८९७ च्या 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडची कविता आली, खाली सही भवानी तलवारीची. तलवारीला कोण धरणार? टिळकांना धरलं. दीड वर्षाची सजा झाली. माफी मागा, असं हितचिंतक सांगत होते. त्यांनी मागितली नाही. टोपणनाव होतं, पण त्याच्यापुढे एक माणूस उभा होता. तुझ्या टोपणनावापुढे कोण उभं राहणार? तो बिचारा संपादक?

मला लोक हेकट म्हणतात, म्हणोत. एका दैनिकात असताना भूसंपादनावरचा माझा लेख 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून छापू म्हणाले. मी परत घेतला. पुढे तिथे माझं काही चाललं नाही, बदली झाली, घराची ओढाताण झाली. तुझ्या काकूने ते अजून पचवलेलं नाही, आणि त्याची बोच मलाही आहे. पण लेख दुसरीकडे नावानिशी आला, आणि चार गावचे लोक पत्ता शोधत सातबारे घेऊन घरी आले. त्या कागदांवर पुढची लेखमाला उभी राहिली. बिननावी लेखाच्या घरी कोण येतं, सांग!

ज्याच्या जिवावर बेततं त्याची गोष्ट निराळी. तुला माहिती देणाऱ्यांची नावं तर कुणी गळा धरला तरी सांगू नकोस. त्यांनी लपावं, तो त्यांचा हक्क. पण तुझं भय अजून 'बाबा काय म्हणतील' एवढंच आहे, आणि त्यावर तू चार पानं लिहिलीस!

तिसरा परिच्छेद पुराव्याशिवाय आहे, तो काढ. खर्चाचा आकडा कुठल्या कागदावरून घेतलास ते तिथेच लिही. उपरोध ठेव, झकास जमलाय. रविवारी जेवायलाच ये, काकू वाट बघतेय. लेख आण, वर नाव घालून.

तुझा,
काका