एकच वस्ती, दोनदा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

व्हेनिसच्या दोन दिवसांची तुझी यादी पाहिली. ठिकाणं सतरा, आणि गेट्टोपुढे, म्हणजे ज्यूंच्या जुन्या वस्तीपुढे, कंसात ‘वेळ उरला तर’. वर मलाच विचारतोस, यातलं काय गाळू? अर्धीअधिक यादी गाळ. गेट्टो ठेव आणि तिथे दोनदा जा, एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीला.

सांता लूचिया स्टेशनातून चालतच नीघ. गुल्ये पूल ओलांडून डावीकडे वळ. कालव्याच्या कडेने थोडं गेल्यावर उजव्या हाताला एका इमारतीच्या पोटातून बुटका बोळ आत शिरतो. मोबाइल बघत चाललास तर हमखास चुकशील. बोळाच्या तोंडाशी दगडात जुन्या दारांच्या बिजागऱ्यांच्या खोबणी आहेत, त्यांना हात लावून बघ. १५१६ पासून शहरातल्या ज्यूंना आतल्या बेटावर राहायची सक्ती झाली. बोळाकडचा भाग १५४१ मध्ये जोडला गेला. रात्री दारं बंद, बाहेर पहारा, आणि पहारेकऱ्यांचा पगार आत कोंडलेल्यांच्याच खिशातून! १७९७ मध्ये नेपोलियनची फौज आली तेव्हा कुठे ती दारं गेली.

आत चौकात मान वर करून मजले मोज. सात, कुठे आठ. माणसं वाढली, जमीन तेवढीच, म्हणून घरं वर चढली आणि मजल्यांची उंची घटली. खिडक्यांमधली अंतरं बघ, म्हणजे छत किती खाली असेल ते कळेल. एका बाजूला वरच्या मजल्यावर पाच कमानदार खिडक्या ओळीने दिसतील. ते जर्मन ज्यूंचं १५२८ चं सिनगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ.

हे पहिल्या फेरीत दिसत नाही रे. आर्किटेक्चर शिकतोस म्हणून तुलाही दिसणार नाही. पहिल्या फेरीत माणूस रस्ता शोधत असतो. बघायला दुसरीच लागते. म्हणून दोनदा म्हणतोय.

सान मार्कोच्या मनोऱ्यावर मी आजवर चढलेलो नाही. मित्र हसतात, म्हणतात व्हेनिसला जाऊन केलंस काय? हसू देत. त्यांना गेट्टोतली एक खिडकी आठवते का, विचार.

शनिवारी तिथलं संग्रहालय बंद असतं, दिवस बघून ठरव. आणि परत आल्यावर फोटो दाखवू नकोस. चौकाच्या एका बाजूचं रेखाटन आण, मजल्यांच्या अंदाजे उंचीसकट. सगळे मजले सारख्या उंचीचे काढलेस तर पुन्हा पाठवीन, स्वखर्चाने जा.